संदर्भप्रश्नांचा शिष्टाचार

संदर्भग्रंथ उघडताच उत्तर सापडेल असे प्रश्न ग्रंथालयात विचारताना व त्यांची उत्तरे देताना पाळायचे संकेत. गावाचा तालुका, लेखकाचे जन्मवर्ष, जुन्या मापांचे रूपांतर हे अशा प्रश्नांचे नेहमीचे विषय. ‘स्वतःच शोधा’ हे उत्तर शिष्टाचारात बसत नाही. कोणत्या कपाटात शोधावे हे सांगणे बसते.

या विषयाची सुरुवातीची ठळक मांडणी सॅम्युएल स्वेट ग्रीन या अमेरिकन ग्रंथपालाने 1876 साली फिलाडेल्फियाच्या परिषदेत केली. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतू नये म्हणून दुकानदार झटतो, तसे वाचकाच्या बाबतीत ग्रंथपालाने झटावे, असे त्याचे म्हणणे. वाचकाला परावलंबी करू नये, असेही त्याने त्याच निबंधात बजावले. या दोन सूचनांतला ताण अद्याप मिटलेला नाही. शि. रा. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी (1931) चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. काही मिनिटांत उरकणारी त्वरित संदर्भसेवा त्यांनी दीर्घ शोधाच्या सेवेहून वेगळी मानली.

पहिला प्रश्न हाच खरा प्रश्न असेल असे नाही. “जुनी पंचांगं कुठं असतात?” असे विचारणाऱ्याला अनेकदा आजोबांची जन्मतारीख हवी असते, घरच्या वहीत शके 1842, भाद्रपद एवढीच नोंद असते. शकात 78 मिळवून 1920 हे वर्ष निघते (पौष-माघाकडे 79 मिळवावे लागतात), पण तारखेसाठी तिथी आणि त्या वर्षाचे पंचांग लागतेच. म्हणून उत्तर देणाऱ्याने आधी “कशासाठी हवं आहे?” असे विचारावे, मात्र चौकशीचा सूर नसावा. उत्तर तोंडपाठ असले तरी ग्रंथ उघडून, आवृत्ती व पृष्ठ दाखवून द्यावे; प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वाधिक मोडला जाणारा संकेत हाच. औषधोपचार व कायदा यांबाबत ग्रंथ दाखवावा, सल्ला देऊ नये.

विचारणाऱ्याने आधी कुठे पाहिले आणि उत्तर कधीपर्यंत हवे, ते सांगावे.

गृहपाठ व शब्दकोडी : प्रथा ग्रंथालयागणिक वेगळी.

मराठी साधने : केतकरांचा ज्ञानकोश (23 खंड) व शं. ग. दाते यांची ग्रंथसूची.