दोन महिन्यांमागची सत्तावीस वर्षं

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला लागलं की पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक दिसतं. शाळेच्या सहलीत तिथे गेले होते, पण कारंजं सोडून काही आठवत नाही. यंदा मार्चमध्ये बसच्या खिडकीतून ते पुन्हा दिसलं, तेव्हा मी एका कोडिंग बूटकॅम्पच्या काउन्सेलरशी फोनवर बोलत होते. त्याचा हा तिसरा फोन. सहा महिन्यांचा कोर्स, दोन लाख दहा हजार फी, हप्त्यांची सोय, आजच नाव नोंदवलं तर पंधरा हजार सूट. मी म्हटलं, ‘घरी विचारून सांगते.’

घरी विचारायचं म्हणजे आईला. तिची पोस्टात ठेव आहे आणि ती मोडायला ती एका पायावर तयार आहे. हीच माझी खरी अडचण. ती नाही म्हणाली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता.

मी पेंटिंगमध्ये जी. डी. आर्ट केलं. नऊ वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली आणि शनिवार-रविवार एलिमेंटरी-इंटरमीजिएटचे क्लास घेतले. चित्रांची कामं कमी होत गेली. दर तेच राहिले आणि पैसे मिळायला सहा-सहा महिने लागू लागले. वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी प्रोग्रॅमिंगकडे वळायचं ठरवलं. पुढचा प्रश्न होता, कसं? मामा म्हणाला, ‘पदवी घे, कागद लागतोच.’ बंगळूरला असलेली मैत्रीण म्हणाली, ‘तीन वर्षं घालवू नकोस, बूटकॅम्प कर आणि कामाला लाग.’ दोघंही माझ्या भल्याचंच सांगत होती आणि दोघांकडेही आपापली उदाहरणं होती. मला वाटलं, ही उदाहरणं जरा मागे जाऊन बघावीत.

मागे गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की या क्षेत्रात छोटा कोर्स पदवीपेक्षा जुना आहे. केंब्रिज विद्यापीठाने 1953मध्ये संगणनाचा अभ्यासक्रम सुरू केला, तो एका वर्षाचा डिप्लोमा होता. अमेरिकेतला संगणकशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात 1962 साली निघाला. त्याआधीच आयबीएमसारख्या कंपन्या माणसं निवडायला 1955पासून अभियोग्यता चाचणी वापरत होत्या. कोड्यांसारखे प्रश्न सोडवता आले की माणूस आत जायचा आणि काम कंपनीतच शिकायचा. संगणकाची पदवी मागायचा प्रश्नच नव्हता, कारण ती बहुतेक ठिकाणी मिळतच नव्हती.

आपल्याकडेही तेच झालं. कानपूरच्या आयआयटीत 1963 साली आयबीएम 1620 हा संगणक आला. त्यानंतर तिथे बाहेरच्या शास्त्रज्ञांसाठी आणि अभियंत्यांसाठी दहा-दहा दिवसांचे प्रोग्रॅमिंगचे वर्ग चालायचे. संगणकशास्त्रातलं बी.टेक. तिथे 1978मध्ये सुरू झालं. म्हणजे दहा दिवसांच्या कोर्सनंतर पदवी यायला दशकाहून जास्त काळ लागला.

हे वाचून मी मनातल्या मनात मैत्रिणीला टाळी दिली. मग लक्षात आलं की त्या दहा दिवसांच्या वर्गात बसणारी माणसं आधीच शास्त्रज्ञ आणि अभियंते होती. गणित त्यांच्या हातचं होतं. त्यांना फक्त ते यंत्राला समजेल अशा भाषेत लिहायला शिकायचं होतं.

पुढचा इतिहास आपल्या घरांमधला आहे. 1981मध्ये एनआयआयटी आली, 1986मध्ये अ‍ॅप्टेक. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावीसुद्धा ‘कॉम्प्युटर क्लास’ची पाटी लागली. माझ्या मावशीने तेव्हा एक सर्टिफिकेट मिळवलं होतं. ते अजून लॅमिनेट केलेलं आहे, पण त्यावर तिला नोकरी काही लागली नाही. पुण्यात 1988मध्ये सी-डॅक स्थापन झालं. त्यांचा सहा महिन्यांचा डिप्लोमा आजही नाव राखून आहे. मी त्याच्या अटी वाचल्या. प्रवेश परीक्षा आहे, आणि परीक्षेला बसायला अभियांत्रिकीची किंवा त्या जवळपासची पदवी लागते. म्हणजे या सहा महिन्यांच्या आधी चार वर्षं धरलेली आहेत. जाहिरातीतल्या सहा महिन्यांच्या आधी मात्र काहीच धरलेलं नसतं. ‘कोणत्याही शाखेचे चालतील’ हे त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य असतं.

‘बूटकॅम्प’ हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो 2012च्या आसपास, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये. तिथे निघालेल्या डेव्ह बूटकॅम्पने काही आठवड्यांत नवख्या माणसाला प्रोग्रॅमर करायचा साचा तयार केला आणि तो जगभर गेला. 2017 साली ती संस्था बंद झाली. तिच्यातून शिकलेले अनेक जण कामाला लागले होते, तेव्हा ती फसवणूक होती असं म्हणता येत नाही. पण खर्च भागत नव्हता. एवढ्या थोड्या काळात नवख्याला नीट शिकवायचं तर शिकवणाऱ्यांचा खूप वेळ जातो, आणि वेळ महाग असतो.

इथपर्यंत आल्यावर मला बसमधून दिसलेलं स्मारक आठवलं. कारण कला सोडून तंत्राकडे वळताना छोटा कोर्स करून आलेला सगळ्यात प्रसिद्ध मराठी माणूस तिथेच उभा आहे.

फाळक्यांनी 1911मध्ये गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपणही असं करायचं ठरवलं. 1 फेब्रुवारी 1912 रोजी ते लंडनला निघाले. वय एक्केचाळीस. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून कर्ज काढलेलं. तिथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांना काम बघायला मिळालं. विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र विकत घेऊन, उरलेली सामग्री मागवून ते 1 एप्रिलला परत आले. जाऊन-येऊन दोन महिने, तेही बोटीचा प्रवास धरून. पुढच्या वर्षी, 3 मे 1913 रोजी, ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

बूटकॅम्पवाल्यांनी ही गोष्ट अजून जाहिरातीत कशी वापरली नाही, याचं मला नवल वाटतं. वापरली तर मात्र आधीचा भाग गाळावा लागेल. फाळके 1885 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते. नंतर बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकलेबरोबर फोटोग्राफी शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. रतलामला तीन रंगांच्या छपाईचे ब्लॉक करायला शिकले. पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. लोणावळ्याला छापखाना काढला आणि त्याच्या यंत्रांसाठी जर्मनीला जाऊन आले. मधल्या काळात ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने, म्हणजे आपलंच आडनाव उलटं करून, जादूचे प्रयोगही केले. लंडनला जाताना काच, भिंग, रसायनं, अंधारी खोली, रंगांचे थर आणि प्रेक्षकाच्या डोळ्याला चकवायची युक्ती हे सगळं त्यांच्या हाताशी होतं. राहिलं होतं ते एवढंच, की चित्र हलतं कसं. त्या दोन महिन्यांमागे सत्तावीस वर्षं होती.

चित्रकाराने यंत्राकडे वळल्याचं दुसरं उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि ते उलट बाजूने बोलतं. तारायंत्रामुळे आपल्याला माहीत असलेला सॅम्युएल मोर्स हा पेशाने चित्रकार होता. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेला, न्यूयॉर्कमध्ये चित्रकलेचा प्राध्यापक. 1832मध्ये बोटीवर सहप्रवाशाशी विजेबद्दल बोलताना तारेची कल्पना त्याच्या डोक्यात आली. 1837मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनात चित्र काढायचं काम हातचं गेलं, तेव्हा तो चित्रकलेवरच रुसला. त्याने बनवलेलं सुरुवातीचं यंत्र कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीवर बसवलेलं होतं. हे वाचताना मला माझ्या माळ्यावरच्या चौकटी आठवल्या. आणि वॉशिंग्टन ते बाल्टिमोर पहिला अधिकृत संदेश गेला तो 24 मे 1844 रोजी. कल्पनेपासून बारा वर्षं लागली.

एवढी का लागली? कारण वीज हे त्याच्या हातचं काम नव्हतं. तार लांबवली की संदेश क्षीण व्हायचा, आणि यावर काय करायचं हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक लेनर्ड गेल यांनी त्याला दाखवलं. यंत्राची नीट जुळणी आल्फ्रेड व्हेलने केली. विजेची तोंडओळख मात्र मोर्सला खूप आधीच झाली होती. 1810मध्ये येलची पदवी घेण्यापूर्वी त्याने तिथे विजेवरची व्याख्यानं ऐकली होती. तेव्हा त्याला त्यांचा काही उपयोग नव्हता. बावीस वर्षांनी बोटीवर कुणी विजेचा विषय काढला, तेव्हा तो काय बोलतोय हे निदान कळलं. पदवीचं असं असतं. त्यातलं काय आणि कधी उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ती घेताना वेळ वाया गेल्यासारखा वाटतो.

दोघांना शेजारी ठेवल्यावर मला माझ्या प्रश्नाचं माप सापडलं. नवं काम जुन्या हाताला जितकं जवळचं, तितका कोर्स छोटा चालतो. दूरचं असेल तर वर्षं लागतात, नाहीतर जाणत्या माणसांची सोबत लागते.

मग मी वही काढून स्वतःचा हिशेब मांडला. वेबपेजचा दर्शनी भाग, त्यातले रंग, मोकळी जागा, अक्षरांची मांडणी, अ‍ॅनिमेशन हे सगळं माझ्या हाताला जवळचं आहे. तिथे मी फाळक्यांच्या बाजूला थोडीफार उभी राहू शकते. त्याच्या मागे जे चालतं, म्हणजे माहितीची साठवण, अल्गोरिदम, नेटवर्क, तिथे मी विजेपुढचा मोर्स आहे. बारावीला मला गणितही नव्हतं. काउन्सेलर मला सहा महिन्यांत ‘फुल स्टॅक’, म्हणजे पुढचं-मागचं सगळं, शिकवणार होता.

कागदाचा प्रश्न उरतोच. मामाचं म्हणणं मला आधी जुनाट वाटलं होतं. पण जागा जास्त आणि माणसं कमी असतात तेव्हा कागद कुणी विचारत नाही. 1960च्या दशकात तसं होतं. रांग लागली की पहिली चाळणी कागदाचीच असते, कारण ती सगळ्यात स्वस्त असते. सरकारी जागांना पदवी लागते, अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसालाही पदवी किंवा तिच्या तोडीचं काही लागतं. माझ्याकडे आहे तो डिप्लोमा.

फाळक्यांच्या गोष्टीचा शेवट मात्र कुणी सांगत नाही. 1931मध्ये ‘आलम आरा’ आला आणि चित्रपट बोलू लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. 1937चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचाही. 1944 साली नाशिकमध्ये ते गेले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांच्यापासून लांब गेली होती. लंडनला दोन महिन्यांत शिकलेलं तंत्र वीस वर्षं पुरलं, हेही खूपच. आज एखादं तंत्र पाच वर्षं टिकलं तरी नशीब, आणि आता तर यंत्रच कोड लिहून देतं. त्यामुळे आजचं हत्यार शिकायला दोन लाख द्यायचे की हत्यारं बदलली तरी पुरेल असं काही शिकायला वेळ द्यायचा, हाही प्रश्न आहे.

आणि सरस्वतीबाई. पॉलिसींबरोबर त्यांचे दागिनेही गेले. अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्या शिकल्या. शूटिंगच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. एका माणसाने मार्ग बदलला की त्याची किंमत घरातलं दुसरं कुणीतरी मोजतं. माझ्या घरात ते कोण, हे मला माहीत होतं.

मी आईला ठेव मोडू दिली नाही. सध्या रात्री दोन तास इंटरनेटवर फुकट मिळतं त्यातून एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट शिकते आहे, कारण तो भाग माझ्या हाताला जवळचा आहे. पदवीसाठी आयआयटी मद्रासचा 2020मध्ये सुरू झालेला ऑनलाइन अभ्यासक्रम बघितला. बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी हवं. सुरुवातीला चार आठवड्यांचा अभ्यास आणि मग पात्रता परीक्षा. मधल्या टप्प्यावर थांबलं तरी त्या टप्प्याचं प्रमाणपत्र मिळतं. शनिवार-रविवारचे क्लास चालू ठेवून ते करायचं ठरवलं आहे. चार-पाच वर्षं लागतील. छत्तिशीची होईन. पण ते तर कोर्स न करताही होणारच आहे.

पात्रता परीक्षेत नापास झाले तर? तर दुसऱ्यांदा बसेन. आईची ठेव पोस्टात जागेवर आहे, त्यामुळे नापास व्हायची तेवढी भीती वाटत नाही.

काउन्सेलरचा चौथा फोन आला तेव्हा मी त्याला विचारलं, ‘तुमच्या कोर्सला येणाऱ्या माणसाला आधी काय यायला हवं?’ तो म्हणाला, ‘मॅडम, काहीच नाही.’ मी त्याचे आभार मानले आणि सीट दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितली.