‘सी’वरून ‘डी’वर : संगणकातील बिऱ्हाड हलवताना

संगणकातील ‘सी’ ड्राइव्हची निळी पट्टी लाल झाली, की तेथे दहा टक्क्यांहून कमी जागा उरली असे समजावे. विंडोजची अद्यतने अडू लागतात, यंत्र मंदावते आणि शेजारचा ‘डी’ ड्राइव्ह मात्र जवळजवळ रिकामा असतो. एसएसडी आणि हार्ड डिस्क अशी जोडी असलेल्या संगणकांत हे हमखास आढळते. एसएसडी वेगवान पण महाग, म्हणून ती बहुधा १२८ किंवा २५६ जीबीची. हार्ड डिस्क संथ पण स्वस्त, म्हणून १ टीबीची. (२५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे २३८ जीबीच दिसते. त्यात दुकानदाराची लबाडी नसते; उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४च्या.)

अनेकांचा समज असा, की डेस्कटॉप म्हणजे कोणत्याच ड्राइव्हवर नसलेली मोकळी जागा. माझाही तसाच होता. घरचा संगणक बिघडला तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने विचारले, ‘‘सीवर काही ठेवलेले नाही ना?’’ मी निःशंकपणे ‘‘नाही’’ म्हटले. वडिलांनी स्कॅन करून ठेवलेले एक-चौदाचे उतारे आणि जुनी खरेदीखते डेस्कटॉपवर होती. फॉरमॅटनंतर त्यांतले काहीही उरले नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक आणि व्हिडिओज हे सहाही फोल्डर मुळात सी ड्राइव्हवरील ‘युजर्स’मध्ये, आपल्या नावाच्या फोल्डरात असतात.

ते हलवण्याची सोय विंडोजमध्येच आहे. प्रथम डी ड्राइव्हवर प्रत्येकासाठी स्वतंत्र फोल्डर करावा. मग मूळ फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘लोकेशन’ आणि तेथे ‘मूव्ह’ निवडावे, नवा फोल्डर दाखवावा आणि ‘अप्लाय’ करावे. जुन्या फाइली नव्या जागी न्यायच्या का, असा प्रश्न येतो. त्याला ‘येस’ म्हणावे. ‘नो’ म्हटल्यास पत्ता बदलतो, पण फाइली जुन्याच जागी राहतात आणि फोल्डर रिकामा दिसतो. अशा वेळी घाबरू नये. फाइली गेलेल्या नसतात.

नवा पत्ता देताना केवळ ‘डी’ असे कधीही देऊ नये. तसे केल्यास विंडोज संपूर्ण ड्राइव्हलाच ‘डॉक्युमेंट्स’ समजू लागते आणि हा गुंता सोडवणे फार कटकटीचे ठरते. फोल्डरांची प्रत वनड्राइव्हवर ठेवण्याची सोय चालू असेल तर ती आधी बंद करावी. काढता-घालता येणाऱ्या पेन ड्राइव्हवर हे फोल्डर नेऊ नयेत. तो जोडलेला नसेल त्या दिवशी डेस्कटॉप सापडणार नाही. संपूर्ण ‘युजर्स’ फोल्डर उचलून नेण्याच्या युक्त्याही सांगितल्या जातात, परंतु त्यामुळे विंडोजच्या पुढील आवृत्तीवर जाणे अडू शकते. व्यापाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी : टॅलीचा हिशेब सहसा ‘युजर्स’मधील ‘पब्लिक’ फोल्डरात असतो. वरील सहा फोल्डर हलवले तरी तो सीवरच राहतो.

प्रोग्रॅमची गोष्ट वेगळी. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधील फोल्डर उचलून डीवर टाकला, तर तो प्रोग्रॅम बहुधा सुरूच होत नाही. प्रस्थापित होताना त्याने आपला पत्ता विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदवलेला असतो, काही फाइली इतरत्र ठेवलेल्या असतात; त्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. म्हणून तो रीतसर काढून टाकावा आणि पुन्हा बसवताना डी ड्राइव्ह निवडावा. परवान्याची किल्ली हाती असल्याशिवाय मात्र काढू नये. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेले काही अ‍ॅप ‘सेटिंग्ज’मधील ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ येथून थेट हलवता येतात. रोज वापरायचे प्रोग्रॅम संथ हार्ड डिस्कवर नेले, तर ते उघडण्यास अधिक वेळ लागतो. शक्यतो ते सीवरच असू द्यावेत आणि छायाचित्रे, चित्रफिती यांना आधी हलवावे.

डी ही खरोखर दुसरी डिस्क आहे, की एकाच डिस्कची वाटणी, हेही तपासावे. टास्क मॅनेजरमधील ‘परफॉर्मन्स’मध्ये सी आणि डी एकाच डिस्कच्या नावापुढे दिसले, तर ती डिस्क बिघडताच दोन्ही एकदम जातील. डिस्क वेगळी असली तरी हलवलेल्या फाइलीची प्रत एकच राहते. उतारे, खरेदीखते यांची आणखी एक प्रत संगणकाबाहेर हवी.

मराठी मजकुराबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोठेही नेला तरी वाचता येतो. श्रीलिपी, शिवाजी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर मात्र त्या फाँटाविना रोमन अक्षरांची भेळ दिसतो. फाइल डीवर सुखरूप असली, तरी फाँट सीवरील विंडोजच्या फोल्डरात असतो आणि सी फॉरमॅट होताच तो जातो. त्यामुळे पत्रिका, नाटकांच्या संहिता, संस्थांची इतिवृत्ते हलवताना त्यांचे फाँटही शोधून त्याच फोल्डरात ठेवावेत.