चारठाण्याचा स्तंभ आणि मॅकवरील छायाचित्र

१/८
परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव यादवकालीन मंदिरे, पुष्करणी आणि उंच कोरीव स्तंभासाठी इतिहासप्रेमींना परिचित आहे. उन्हापावसाने शिल्पे झिजत असतात. म्हणून आज टिपलेले छायाचित्र उद्याचा पुरावा ठरते. हा पुरावा मात्र सॉफ्टवेअरच्या आधाराने जगतो, आणि तो आधार अनेकदा ढळला आहे.

२/८
१९८७ साली मिशिगन विद्यापीठाचा विद्यार्थी थॉमस नॉल याने मॅकिंटॉश प्लसवर करड्या छटांची चित्रे दाखवणारा लहानसा प्रोग्राम लिहिला. भाऊ जॉनच्या साथीने त्यातूनच फोटोशॉप घडले. फेब्रुवारी १९९० मधील पहिली आवृत्ती केवळ मॅकसाठी होती.

३/८
पुढे मॅकचा प्रोसेसरच तीनदा बदलला: १९९४ मध्ये पॉवरपीसी, २००६ मध्ये इंटेल, २०२० मध्ये अ‍ॅपलची एम१ चिप. इंटेल आले तेव्हा जुने प्रोग्राम ‘रोझेटा’ या दुभाष्यामुळे चालत राहिले. २०११ च्या लायन प्रणालीतून तो दुभाष्या वगळला गेला आणि ते प्रोग्राम मुके झाले.

४/८
अ‍ॅपलनेच २००५ मध्ये आणलेल्या ‘अ‍ॅपर्चर’चा विकास २०१४ मध्ये थांबवला गेला. २०१९ च्या कॅटालिना प्रणालीवर ते चालेनासे झाले. त्यातून लाइटरूमकडे वळलेल्यांची मूळ छायाचित्रे वाचली. पण त्यांवर केलेले संस्कार पुन्हा बदलता येतील अशा रूपात सोबत आले नाहीत.

५/८
मार्च २०१६ मध्ये ‘ट्रान्समिशन’ या प्रोग्रामच्या अधिकृत संकेतस्थळावरच ‘की-रेंजर’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर दडलेली प्रत ठेवली गेली. डाउनलोडची जागा अधिकृत हवीच. पण तेवढ्याने भागत नाही, हा त्याचा धडा.

६/८
जीर्णोद्धारात दगड उतरवण्यापूर्वी त्यांवर क्रमांक घालतात, नोंद करतात. अपडेटचाही क्रम तोच असावा. आधी टाइम मशीनने संपूर्ण प्रत घ्यावी आणि आणखी एक प्रत मॅकपासून विलग केलेल्या डिस्कवर ठेवावी. मॅकओएस बदलण्यापूर्वी आपले सॉफ्टवेअर व प्लगइन नव्या प्रणालीवर चालतात का, हे निर्मात्याच्या पानावर तपासावे.

७/८
क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये जुनी आवृत्ती काढून टाकण्याच्या पर्यायावरची खूण पुसावी. लाइटरूमची मोठी आवृत्ती बदलताना कॅटलॉगची नवी प्रत तयार होते. नवी प्रत जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून जुना कॅटलॉग जपावा. मग एका फाइलच्या प्रतीवर चाचणी घ्यावी. हाती घेतलेले काम अर्धवट असताना अपडेट करूच नये.

८/८
मूळ रॉ फाइलसोबत अंतिम चित्राची टिफ प्रतही ठेवावी. ती उघडण्यासाठी एकाच सॉफ्टवेअरवर विसंबावे लागत नाही. चारठाण्याचा स्तंभ पाहायला कोणाची परवाना-किल्ली लागत नाही. त्याच्या छायाचित्रालाही शक्य तितके तेच स्वातंत्र्य मिळावे.