केल्टिक भाषांच्या अभ्यासाची वाटचाल : हस्तलिखितांपासून जिवंत बोलीपर्यंत

आयरिश, स्कॉटिश गेलिक, मांक्स, वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन या सहा आधुनिक केल्टिक भाषा होत. शंभराहून अधिक वर्षे विद्वानांचे लक्ष प्रामुख्याने त्यांच्या भूतकाळावर केंद्रित होते. या भाषा बोलणाऱ्या माणसाची साक्ष व्याकरणसिद्धांताच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे.

या भाषांचे एक वैशिष्ट्य म्हणजे शब्दाच्या आद्य व्यंजनात होणारे परिवर्तन. वेल्शमध्ये ‘काथ’ म्हणजे मांजर. परंतु ‘त्याचे मांजर’ म्हणताना ‘गाथ’ आणि ‘तिचे मांजर’ म्हणताना ‘खाथ’ असे रूप होते. मराठीत हा भेद सर्वनाम दाखविते. वेल्शमध्ये दोन्हीकडे सर्वनाम एकच असून भेदाचा भार नामाचे पहिले व्यंजन वाहते. फ्रान्झ बॉप यांनी १८३८ मध्ये याची उपपत्ती मांडली. आधीच्या शब्दाचे लुप्त झालेले अंत्य ध्वनी हे या परिवर्तनाचे मूळ होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. संधिनियमांशी परिचित असलेल्या अभ्यासकास ही उपपत्ती अपरिचित वाटणार नाही. पुढे योहान कास्पार झॉइस यांनी जुन्या आयरिश टीपांच्या आधारे लॅटिनमध्ये लिहिलेले ‘ग्रामातिका केल्टिका’ (१८५३) हे या विद्याशाखेचे अधिष्ठान ठरले. व्हिटली स्टोक्स हे याच परंपरेतील अभ्यासक. १८६२ ते १८८२ या काळात ते भारतात सरकारी सेवेत होते. येथील कायद्यांचे मसुदे तयार करीत असतानाच त्यांनी ‘गॉइडिलिका’ (१८६६) हा आयरिश हस्तलिखितांवरील ग्रंथ कलकत्त्यात छापून घेतला.

जोसेफ ग्रीनबर्ग यांच्या १९६३ मधील शब्दक्रमविषयक निबंधामुळे दृष्टिकोन बदलू लागला. क्रियापद, कर्ता, कर्म असा क्रम असलेल्या भाषांचे उदाहरण म्हणून त्यांनी वेल्शचा समावेश केला होता. त्यानंतर नोम चॉम्स्की यांच्या व्याकरणपद्धतीने प्रभावित झालेले अभ्यासक या भाषांकडे वळले. जेम्स मॅक्लॉस्की यांचा आधुनिक आयरिशवरील ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयरिशमध्ये सामान्य गौण वाक्याच्या आरंभी ‘गो’ हे अव्यय येते. मात्र ‘आपल्याला समजली असे तो म्हणाला ती कादंबरी’ अशा रचनेत नाम ज्या ज्या उपवाक्यातून बाहेर पडते, त्या प्रत्येकाच्या आरंभी ‘अ’ येतो. वाक्यातील घटक टप्प्याटप्प्याने विस्थापित होतात, हे चॉम्स्की यांचे १९७३ मधील मत होते. त्याला आयरिशमध्ये उच्चारात ऐकू येणारा पुरावा मिळाला.

बॉप यांनी हाताळलेला प्रश्नही नव्या स्वरूपात पुढे आला. ‘त्या माणसाने कुत्रा पाहिला’ या वेल्श वाक्यात ‘की’ (कुत्रा) या शब्दाचे ‘गी’ होते. आजच्या वक्त्याला लुप्त प्रत्ययांची काहीच माहिती नसते, तरीही तो हा नियम अचूक पाळतो. रॉबर्ट बोर्सली व मॅगी टॅलरमन यांनी १९९६ मध्ये असे मांडले की, आधी येणारा पदबंध हेच या परिवर्तनाचे कारण होय. कर्ता अनुच्चारित असतानाही ‘गी’च होते. मग न उच्चारलेल्या कर्त्याला वाक्यरचनेत स्थान आहे, असे मानावे काय? हा वाद केवळ हस्तलिखितांवरून निकालात काढणे कठीण आहे. अमुक वाक्य चालेल की नाही, हे विचारण्यासाठी वक्ता हवा.

मांक्सच्या बाबतीत ही सोय उरली नाही. नेड मॅड्रेल हे परंपरेने मांक्स बोलणारे अखेरचे वक्ते १९७४ मध्ये निधन पावले. आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९४८ मध्ये केलेली ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. पण कोणते वाक्य त्या वक्त्यांनी अमान्य केले असते, हे त्यांतून कळत नाही. पुनरुज्जीवनातून तयार झालेल्या वक्त्यांना त्यांच्या जागी गृहीत धरणे शास्त्रीयदृष्ट्या सदोष ठरेल.

जेथे वक्ते होते, तेथेही प्रश्न सुटला नव्हता. नॅन्सी डोरियन यांनी १९६३ पासून पूर्व सदरलँडमधील मच्छीमार वस्त्यांत गेलिकचा अभ्यास केला. त्यांच्या १९८१ च्या ग्रंथात ‘अर्धवक्ते’ या वर्गाचे सविस्तर विवेचन आढळते. या लोकांना वडीलधाऱ्यांचे बोलणे पूर्ण समजे आणि संभाषणात त्यांचा सहभागही असे. मात्र त्यांचे व्याकरण वडीलधाऱ्यांपेक्षा काही ठिकाणी वेगळे होते.