मिरचीचा जाळ: खानदेशातील एका पिकाची वाटचाल

पांझरेच्या वरच्या खोऱ्यातील पिंपळनेर ज्या खानदेशात मोडते, त्या प्रदेशाच्या जेवणाला मिरचीने ओळख दिली असली, तरी मिरची या भूमीत फार जुनी नाही. मूळचे अमेरिका खंडातील हे झुडूप सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि तेथून देशावर पसरले. त्यापूर्वी तिखटपणाची गरज मिरी, पिंपळी आणि सुंठ भागवीत असत. पैकी मिरी मलबारकडून येत असल्याने वाहतूक व जकातीचा भार तिच्या भावात मिसळलेला असे, तर मिरची विहिरीच्या कडेला किंवा परसातही पिकू शके.

हा बदल इतक्या सहजपणे का पचला, याचे उत्तर शरीरशास्त्रात सापडते. तोंडातील वेदनावाहक मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचे एक प्रथिन असते. ते ग्राही म्हणून, म्हणजे बाहेरचा संकेत ओळखणारी रचना म्हणून काम करते आणि सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेने उघडते. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य त्याच ग्राहीला चिकटून त्याला उघडते, सोडियम व कॅल्शियमचे विद्युत्भारित कण आत शिरतात, आणि प्रत्यक्षात काहीही तापलेले नसताना मेंदूला भाजल्याची वर्दी पोहोचते, तेव्हा घाम, लाळ आणि नाकाडोळ्यांतील पाणी हा त्या वर्दीला शरीराने दिलेला प्रतिसाद असतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हा ग्राही १९९७ मध्ये ओळखला व २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. मिरीतील पायपरीन हे द्रव्यही, बरेच क्षीणपणे का होईना, हाच ग्राही चेतवते. म्हणून मिरचीने नवी संवेदना आणली असे म्हणण्यापेक्षा जुनीच संवेदना अधिक तीव्र आणि स्वस्त केली, असे म्हणणे योग्य ठरेल. (पोपट मिरच्या निवांत खातो, कारण पक्ष्यांच्या ग्राहीवर कॅप्सायसिनचा परिणाम जवळजवळ होत नाही.) वारंवार चेतवले गेलेले मज्जातंतू काही काळ मंदावतात, त्यामुळे ठेचा-भाकरीवर वाढलेल्या माणसाला जे बेताचे वाटते, ते पाहुण्याला ठसका लावते.

खानदेशचे गॅझेटियर १८८० मध्ये निघाले, तेव्हा पिंपळनेर हा त्या जिल्ह्याचा तालुका होता. पुढे १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याआधीच तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे लोहमार्ग पोहोचला होता आणि त्याच मार्गावरील नंदुरबार व दोंडाईचा ही गावे मिरचीच्या बाजारपेठा म्हणून नावारूपाला आली. नंदुरबारात व्यापारी ओली लाल मिरची विकत घेऊन मोकळ्या मैदानांतील पथाऱ्यांवर वाळवतात, आणि तिचे देठ खुडण्याचे काम मुख्यतः मजूर स्त्रिया करतात.

तिखटाच्या इतिहासात या कामाची नोंद क्वचितच होते. टीआरपीव्ही-१ केवळ जिभेवर नसून त्वचेत, डोळ्यांत आणि श्वासमार्गातही असतो, त्यामुळे जेवणाराला चव वाटणारा जाळ खुडणारीच्या बोटांना भाजतो व धुळीबरोबर श्वासात गेल्यास खोकला उठवतो. कॅप्सायसिन पाण्यात जवळपास न विरघळता तेलात विरघळते, म्हणून नुसत्या पाण्याने हात धुऊन ती आग शमत नाही.