चरबी नसलेले काडतूस

आठवीच्या वर्गात १८५७चा उठाव शिकवताना आम्ही फळ्यावर एक वाक्य नेहमी लिहून देतो. 'नव्या बंदुकीच्या काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावलेली होती, ती दाताने तोडावी लागत, म्हणून हिंदू व मुसलमान शिपाई बिथरले.' हे वाक्य उर्दूत लिहिले काय किंवा मराठीत लिहिले काय, परीक्षेत त्याला दोन गुण मिळतात. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, जुन्या बंदुकीचं काडतूसही दातानेच तोडत होते ना? मग त्याला चरबी का नव्हती?" अशा प्रसंगी काय करावे हे बी.एड.ला शिकवतात. आम्ही तेच केले. "अच्छा सवाल है, कल बताएँगे," म्हणालो. तो 'कल' उजाडायला बरेच महिने लागले.

खरे तर निम्मे उत्तर आम्ही लहानपणीच पाहिले होते. कोकणात आजोळी मामूंकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. मामू डबीतली दारू नळीत ओतायचे, चिंध्यांचा बोळा लोखंडी गजाने ठासायचे, मग छर्रे, त्यावर पुन्हा बोळा, आणि अगदी शेवटी टोपी. आम्ही पोरेसोरे कानांत बोटे घालून उभे. या सगळ्या खटाटोपात तेलातुपाचा एक थेंबही लागत नसे. नळी आतून गुळगुळीत आणि छर्रे सैल, मग वंगण कशाला?

पुढे जाण्याआधी शब्दांचे थोडे पाहू. ज्या शस्त्रांबद्दल बोलायचे, त्यांची नावे आपल्याकडे चारी दिशांनी आली आहेत. बंदूक अरबी. मुळात 'बुंदुक' म्हणजे एक गोल टणक फळ, त्यावरून गोळी आणि गोळीवरून हत्यार. तमंचा तुर्कीतला. दारू फारसी, तिथे तिचा अर्थ औषध. मराठीने या एकाच शब्दात बारूदही भरली आणि शराबही. काडतूस पोर्तुगीजांकडून आले, उर्दूत त्याचे कारतूस झाले. आज काडतूस म्हटले की डोळ्यांसमोर पितळी नळकांडे येते. १८५७चे काडतूस मात्र कागदाची पुडी होती. एका बाजूला मोजून घेतलेली दारू, दुसऱ्या बाजूला शिशाची गोळी आणि टोक पिळून बंद केलेले. ठिणगी देणारी टोपी पुडीत नसे, ती वेगळी. हे चित्र नीट डोळ्यांसमोर नसेल तर पुढचे काहीच समजत नाही, आणि आमच्या वर्गात ते कधी नव्हतेच.

कंपनीच्या शिपायाकडची जुनी मस्केट ही मामूंच्या बंदुकीची थोरली बहीण म्हणावी. तिच्या नळीचे तोंड पाऊण इंचाचे, गोळी मात्र त्याहून बारीक, जेमतेम ०.६९ इंचाची. पुडीचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग कागदासकट गोळी सोडायची आणि गजाने दाबायची. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात पुडी, तेव्हा तिसरा हात म्हणजे दातच. युरोपातही भरतीच्या वेळी जवानाचे पुढचे दात पाहिले जात, ते याचसाठी. सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शंभर यार्डांपलीकडे कुठे जाईल याचा भरवसा नसे. नेमाचे काम नव्हतेच ते. रांग करून एकदम बार काढायचा, कुणाला तरी लागेलच, असा हिशेब.

१८५३च्या नमुन्याची एनफिल्ड आली आणि हा हिशेब मोडला. तिची नळी ०.५७७ इंचाची. त्या नळीत आतून पिळाच्या तीन खाचा. खाचांना धरून गोळी निघाली की भोवऱ्यासारखी फिरते आणि फिरणारी गोळी सरळ जाते. रायफल म्हणजे एवढेच, 'खाचांची बंदूक'. पण गोळी खाचा धरणार कशी? आधीच घट्ट गोळी करावी तर ती तोंडातून आत जाईना, सैल करावी तर खाचांचा उपयोग नाही. यावर तोड निघाली ती लांबट गोळीची. बुडाशी पोकळ, नळीहून अगदी किंचित बारीक. आत जाताना सरकत जायची, आणि बार उडाला की मागच्या जोराने बूड फुगून खाचांत रुतायचे. किंचित बारीक म्हणजे इथे इंचाच्या शंभराव्या भागाइतका फरक. काळ्या दारूची राख नळीत चिकटून कडक होते. चार-सहा बार झाले की एवढीशी फटही बुजते आणि गोळी अडते. म्हणून गोळीवरच्या कागदाला वंगण लावायचे. ते वंगण राख मऊ ठेवते, गोळी सरकवते. मस्केटला ज्याची गरज नव्हती, ते रायफलला अपरिहार्य झाले. मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे उत्तर इतकेच होते.

वंगण कसले, यात मात्र घात झाला. इंग्लंडात जनावरांची चरबी आणि मेण यांचे मिश्रण चाले, तेच इथे आले. चरबी कोणत्या जनावराची, याची खातरजमा करण्याची काही व्यवस्था नव्हती, हे पुढे चौकशीत उघड झाले. म्हणजे शिपायांची शंका निव्वळ वावडी नव्हती. आणखी एक बारीक गोष्ट. दाताने तोडायचे टोक दारूचे, वंगण असे दुसऱ्या टोकाला. हे वाचून एखादा म्हणेल, मग तोंडाला लागायचा प्रश्न कुठे? आमच्या घरातल्या कुठल्याही बाईला विचारा. तोंडाला नाही लागले तरी बोटांना लागले, आणि त्याच बोटांनी घास घ्यायचा आहे.

नव्या रायफलीची कवायत दमदम, अंबाला आणि सियालकोट या तीन ठिकाणी सुरू झाली होती. जानेवारी १८५७मध्ये दमदमला एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातून पाणी मागितले, त्याने नाकारले, तेव्हा खलाशी म्हणाला की लवकरच तुझी जात जाणार आहे. ही गोष्ट वरिष्ठांपर्यंत गेली. महिनाअखेरीस सरकारने शिपायांना आपापले वंगण वापरण्याची मुभा दिली, मार्चमध्ये दाताऐवजी हाताने पुडी फाडण्याची कवायत बसवली. पण प्रत्येक सवलत म्हणजे कबुलीजबाबच, असा शिपायांनी तिचा अर्थ लावला. ज्याअर्थी बदलतात, त्याअर्थी काहीतरी होते. शंका चरबीवरून कागदावर गेली. फेब्रुवारीत बहरामपूरला १९व्या पलटणीने जी काडतुसे घ्यायला नकार दिला, ती रायफलीची नव्हतीच, मस्केटची होती, गोळीही नसलेली. कागद चकाकतो, म्हणून त्यात काही आहे, असे शिपायांचे म्हणणे.

आणि मग मेरठ. इथे आम्हाला बराच वेळ थांबावे लागले, कारण आम्ही फळ्यावर लिहून देत असलेले वाक्य इथेच चुकते. मेरठला पहिल्यांदा नकार देणारे पायदळाचे शिपाई नव्हते. ते ३ऱ्या देशी हलक्या घोडदळाचे स्वार होते. स्वाराची हत्यारे वेगळी. त्याच्याकडे तलवार. पिस्तूल आखूड नळीचे, एका हाताने चालवायचे. त्यात दारू थोडी, गोळीचा जोर थोडा, आणि उपयोग समोरचा माणूस तलवारीच्या टप्प्यात येण्याच्या जरा आधी. अधिकाऱ्यांपैकी काहींकडे तेव्हा कोल्ट किंवा ॲडम्सची फिरत्या घरांची पिस्तुले आली होती, पण साध्या स्वाराला ती कुठली? काही निवडक स्वारांना मात्र कार्बाइन मिळे. ती घोड्यावर सांभाळता येईल अशी तोकडी बंदूक. मेरठच्या स्वारांकडच्या या बंदुका एनफिल्ड नव्हत्या. २४ एप्रिलला कर्नल कारमायकेल स्मिथने अशा ९० स्वारांना कवायतीला बोलावले ते हाताने पुडी फाडायची नवी रीत दाखवायला. त्यांच्यापुढे ठेवलेली काडतुसे तीच होती जी ते वर्षानुवर्षे वापरत आले होते. जुन्या वळणाची, बिनचरबीची. ८५ जणांनी हात लावला नाही. त्यांत निम्म्याहून थोडे अधिक मुसलमान, बाकीचे हिंदू. देशी अधिकाऱ्यांच्याच लष्करी कोर्टाने त्यांना दहा वर्षे सक्तमजुरी सुनावली. काही तरुणांची शिक्षा पुढे निम्म्यावर आली. ९ मेला साऱ्या छावणीसमोर गणवेश उतरवून त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता, १० मे.

म्हणजे ज्या काडतुसावरून मेरठ पेटले, त्यात चरबी नव्हती.

हे कळल्यावर पहिला विचार आला तो, 'मग बिचारे उगाच गेले की काय?' इंग्रजांचे अनेक इतिहासकार हेच म्हणत आले आणि त्यावरून शिपायांना अडाणी ठरवत आले. आम्हाला ते पटत नाही. रायफलीचे काडतूस कोणते आणि कार्बाइनचे कोणते, हे त्या स्वारांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. ते त्यांचे रोजचे काम होते. पण दुसऱ्या पलटणींतले भाऊबंद काय म्हणतील हेही त्यांना ठाऊक होते. एकदा काडतूस घेतले की ते कोणते होते हे कोण विचारणार? 'घेतले' एवढेच उरणार. शिवाय वस्तू निर्दोष आहे असे सांगणारा तोच, ज्याने आधीची सदोष वस्तू न तपासता दिली. भरवसा गेल्यावर खुलासा खरा असूनही खोटाच वाटतो. हे समजायला १८५७पर्यंत मागे जावे लागत नाही.

काडतुसाचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १८६६च्या सुमारास स्नायडर बंदूक आली, मागून भरायची. तिचे बॉक्सरने केलेले काडतूस पितळी पत्र्याचे आणि टोपी त्यातच. दातांचे काम संपले. १८६९मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तो आजही आहे. पिस्तूल आणि रायफल यांतले अंतर पुढे आणखी वाढले. १९१०मधली .३०३ रायफलची गोळी वजनाने १७४ ग्रेन, पण वेग सेकंदाला २४४० फूट. त्याच काळातल्या वेब्ली पिस्तुलाची गोळी कितीतरी जाड व जड, २६५ ग्रेनची, आणि वेग जेमतेम ६०० ते ७०० फूट. लांब नळी, भरपूर दारू आणि बारीक गोळी म्हणजे रायफल. पिस्तुलाचे सगळे याउलट. आणि दमदमचे नाव १८९०च्या दशकात पुन्हा गाजले. तिथल्या कारखान्यात टोकाशी उघडी, अंगात शिरताच पसरणारी गोळी तयार झाली आणि जगभर 'दमदम' याच नावाने ओळखली गेली. १८९९च्या हेग परिषदेने अशा गोळीवर बंदी घातली. ब्रिटनने ती मान्य केली १९०७मध्ये.

तो मुलगा तोवर दहावी होऊन शाळेतून गेला होता. पुढच्या वर्षीच्या आठवीसाठी आम्ही वहीच्या कागदाच्या पुड्या वळल्या. एका बाजूला दारूच्या जागी रवा, दुसऱ्या बाजूला गोळी म्हणून खडूचा तुकडा, आणि त्या टोकाला घरचे खोबरेल चोपडले. मुलांना डाव्या हातात मोठी पट्टी उभी धरायला सांगितले. पट्टी खाली न ठेवता पुडी उघडा, एवढीच सूचना. पहिल्या तिघांनी न सांगता दात लावले. चौथ्याने पुडी उलटसुलट करून पाहिली.

"सर, ये तेल काहे का है?"

खोबऱ्याचे आहे, घरचे आहे, आम्ही सांगितले. त्याने मान हलवली, आणि पुडी आधी नाकाशी नेली.