रहाटाचा आजार

आमच्या घरांतून मधुमेहाचे नाव ‘शक्कर’. हकीमसाहेबांच्या बोलण्यात मात्र तो ‘झियाबेतुस’. शब्द मूळचा ग्रीक. आरपार वाहून जाणे हा त्याचा अर्थ. युनानी वैद्यकात याच रोगाला ‘दूलाब’ असेही म्हटले आहे. दूलाब म्हणजे रहाट. पोहरे भरून वर यावेत आणि लगेच रिते व्हावेत, तसा रोगी घटाघटा पाणी पितो आणि ते थांबत नाही. रोगाचे इतके नेमके चित्र दुसऱ्या कोणत्या शब्दात आम्हाला तरी आढळलेले नाही.

इब्ने सीना (९८०–१०३७) यांनी ‘अल-कानून’मध्ये या रोगाची चर्चा केली. पुढे अब्दुल लतीफ अल-बगदादी यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. ही नावे आली की आमच्या सभांतून टाळ्या पडतात. पडोत. पण ज्ञान बगदादला आकाशातून उतरले नव्हते. बरमकी वजीर याह्या यांच्या सांगण्यावरून मंका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ तिकडच्या भाषेत आणला, अशी नोंद इब्ने नदीम यांच्या ‘फिहरिस्त’मध्ये आहे. त्या सुश्रुतसंहितेत प्रमेह दोन प्रकारचा सांगितला आहे: जन्मजात आणि अपथ्याने होणारा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. कृशाला पोषण द्यावे, स्थूलाला हलके करावे. आजच्या टाइप १ आणि टाइप २ शी हे तंतोतंत जुळत नाही, तरी निरीक्षण थक्क करणारे आहे.

तेव्हा वारशाचा अभिमान जरूर बाळगावा. पण ‘आमच्या हकिमांना सारे ठाऊक होते’ हे म्हणणे खरे नाही. रोग कोठे उपजतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये मिंकोवस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला, तेव्हा ते कळले. तरीही उपाय नव्हता. टाइप १ झालेल्या मुलांना डॉक्टर जवळजवळ उपाशी ठेवीत. मरण थोडे लांबे, एवढेच.

१९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला तो टोचला. फारसा उपयोग झाला नाही. कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा टोचला आणि साखर उतरली. मरायला टेकलेला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. पेटंटचे हक्क तिघांनी विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले.

हे सारे आठवण्याचे कारण रमजान. ज्या सुईने त्या मुलाला जगवले, ती सुई आमच्यातले कित्येक जण रोज्याच्या महिन्यात कोणालाही न विचारता बंद करतात. २००१ साली १३ देशांतल्या १२,२४३ मुस्लिम मधुमेहींची पाहणी झाली. टाइप १ च्या ४३ टक्के आणि टाइप २ च्या ७९ टक्के रुग्णांनी निदान पंधरा रोजे ठेवले होते. साखर एकदम उतरून इस्पितळात जाण्याचे प्रमाण रमजानमध्ये टाइप १ मध्ये ४.७ पट आणि टाइप २ मध्ये ७.५ पट झाले होते. आजाऱ्याला कुरआनने सवलत दिली आहे, हे घराघरांत ठाऊक असते. ती घ्यायला मात्र लाज वाटते. टाइप २ च्या ज्या रुग्णाची साखर आटोक्यात आहे, त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने अनेकदा रोजा ठेवता येतो. त्यासाठी गोळ्यांची मात्रा आणि वेळ महिनाभर आधी ठरवून घ्यावी लागते. सहेरी टाळू नये, इफ्तारला खजुरांवर आणि तळणावर तुटून पडू नये. बोट टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमांनीही सांगितले आहे. ती ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर मगरिबची वाट न पाहता त्याच क्षणी रोजा सोडावा.